चौदा नंबरच्या भिंतीवरचा डाग

भिकाजीदादाबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. आमच्या मेंटेनन्सच्या गँगमध्ये अशी दोन-चार टाळकी आहेत. "त्या बाईला रडवलं त्यानं," म्हणतात. अरे, तुम्हाला काय माहीत? माहीत आहे ते फक्त मला, म्हणून सांगतो.

दादा गुहागरकडचा. अठ्ठावन्न वर्षांचा. एकवीस वर्षं दुबईत रंगारी आहे, रास अल खोरला आमच्या खोलीत माझ्या खालच्या बंकवर झोपतो. धाकटी सोनम जन्मली तेव्हा हा मरीनातल्या कुठल्या तरी टॉवरला बाहेरून लटकून रंग मारत होता. पोरीला पहिल्यांदा पाहिलं ती अडीच वर्षांची असताना, आणि ती याला बघून पलंगाखाली लपली. हे तो हसत सांगतो. मला नाही बाबा हसू येत.

कामाला मात्र भलता कडक. बाकीचे रंगारी डागावर दोन हात मारून मोकळे होतात. हा आधी पत्र्यानं खरवडणार, पॉलिश पेपरनं घासणार, मग प्रायमर, पुट्टी, परत घासणार, तेव्हा कुठे रंग. तेलकट डाग तर सगळ्यात हरामखोर. वरून कितीही रंग फासा, दोन-तीन आठवड्यांत तेल आतून वर येतंच. दादाच्या भिंतीवर येत नाही. मी सुपरवायझर आहे, पण त्याला घाई करायची माझी टाप नाही.

काही वर्षांपूर्वी आम्हाला शहराबाहेरच्या एका वसाहतीचं काम मिळालं. लढाईत घरदार गेलेली काबूलकडची कुटुंबं तिथे आणून ठेवली होती. 'टेम्पररी' म्हणायचे, पुढच्या देशाचा व्हिसा येईपर्यंत. कुणाचे तीन महिने, कुणाची दोन वर्षं. एका कुटुंबाला एक खोली, दारावर नंबर, गेटवर पहारा, जेवण डोकी मोजून. नोटीसबोर्डवर नवी यादी लागली की बायका हातातलं टाकून धावायच्या. नाव नसलं की परत येऊन कॉरिडॉरमध्ये गप बसायच्या. ते बघवायचं नाही.

चौदा नंबरमध्ये तहसीन, तिचा नवरा, दोन मुली आणि सहा वर्षांचा युसुफ. तहसीन लहानपणी पेशावरला राहिलेली, तिला उर्दू यायचं, त्यामुळे आमचं जमायचं. युसुफचं काळीज जन्मापासून दुबळं. पळायला मनाई, म्हणून दिवसभर कॉटवर भिंतीला डोकं टेकून बसलेला. आई रोज त्याच्या डोक्याला तेल चोपडायची. भिंतीवर त्याच्या डोक्याएवढा काळपट गोल डाग पडला होता. आपल्याही घरी पडतो, आया ओरडतात. आम्ही नळ दुरुस्त करायला गेलो की हे पोरगं कॉटवरून हुकूम सोडायचं, "यल्ला यल्ला, काम करो!" लबाड कुठला.

फेब्रुवारीत युसुफ गेला. हॉस्पिटलात नेल्यावर चार दिवसांत.

घरचे तीन दिवस शेजारच्या खोलीत दुखवट्याला बसले. तोवर चौदा नंबर धुऊन रंगवून द्या, असा ऑफिसातून मेसेज आला. मीच दादाला पाठवलं. म्हटलं, "दादा, पहिला तो डाग काढ. बाई परत येईल तेव्हा तो डोळ्यांसमोर नको. आजच खलास कर." चांगलं करायला गेलो हो! आणि दादानंही जीव ओतून काम केलं. त्या पोराच्या आईचं काम, म्हणून नेहमीपेक्षा जास्त खोल खरवडलं.

तहसीन आली, भिंतीकडे बघत राहिली. ओरडली नाही. त्या जागेवर तळवा फिरवला आणि मला विचारलं, "सोमनाथ भाई, पिछले साल भी रंग हुआ था, दाग वापस आ गया था. इस बार कब आएगा?"

गेल्या वर्षी रंगवणारा दुसरा होता. डाग येणार नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. माझी जीभ झडायला हवी होती. मी म्हटलं, "इन्शाल्ला, दो-तीन हफ्ते में."

पंधरा दिवसांनी यादी लागली. चौदा नंबर, कॅनडा, अठ्ठावीस तारखेचं विमान. दोन वर्षं ज्याच्याकडे डोळे लावले ते आलं, आणि तहसीन म्हणाली, मी येत नाही. डाग येऊ दे, एकदा त्याला डोकं टेकवते, मग निघू. नवऱ्यानं हातापाया पडून पाहिलं, मुली रडल्या. ही फेरी चुकली तर पुन्हा नंबर कधी लागेल, कोण सांगणार? बाई कॉट बाजूला ओढून भिंतीसमोर बसून राहिली.

मी दादाला सगळं सांगितलं.

"तू तिला खोटं का सांगितलंस?"

"मग काय सांगायचं होतं?" मी उसळलो.

दादानं हात धुतले आणि सरळ चौदा नंबरकडे चालायला लागला. मी मागून गेलो, दारातच थांबलो.

"बहन, वो दाग नहीं आएगा," दादा म्हणाला. "मैंने नीचे तक निकाल दिया."

ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "किसने बोला था निकालने को?"

मीच सांगितलं होतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. दादानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"किसीने नहीं. मैंने किया."

तहसीन उठली. कपाट उघडून मुलींचे कपडे काढले आणि घड्या घालायला लागली.

अठ्ठावीसला सकाळी बस आली. दादा रजा टाकून सामान चढवायला आला होता. तहसीनच्या बॅगेला त्यानं हात घातला, तर तिनं ती हिसकावून घेतली आणि स्वतः चढवली. मग माझ्यापाशी आली.

"शुक्रिया, सोमनाथ भाई," ती म्हणाली. "आपने बहुत साथ दिया."

दादा दोन पावलांवर उभा होता. मी म्हटलं, "संभाल के जाना, बहन."