पंडितची अमानत

मनकर्णाबाईंनी पंडितला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो वाट चुकलेला होता आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. पाथरीत त्यांच्या शेजारच्या घरी लग्न होतं. वरात मारुतीच्या पाराकडे वळली. घोडा वळला, नवरदेवाचे मित्र नाचत नाचत वळले, बँडही वळला. ट्रंपेटवाला मात्र डोळे मिटून, गाल फुगवून सरळ चालत राहिला. ती गल्ली बाईंच्या अंगणातच संपते. तुळशीच्या कट्ट्याला गुडघा आपटला तेव्हा कुठे त्यानं डोळे उघडले. समोर बाई तूर पाखडत बसलेल्या.

"वाजवतोस चांगलं," बाई म्हणाल्या, "पण नवरदेव कुठं हाय?"

लाजून पळता पळता त्यानं दारावरची 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी वाचली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. या वेळी डोळे उघडे होते.

पंडित मूळचा पेडगावचा, एकटा जीव, अप्पाराव मास्तरांच्या बँडमध्ये कामाला. भाडं ठरलं. त्यानं खिशातून नोटांचं पुडकं काढून बाईंच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "ही अनामत, मावशी." नेमकी त्याच वेळी शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. बाईंना ऐकू आलं, "ही अमानत, मावशी."

हा शब्द बाईंच्या सासरी साधा नव्हता. त्यांचे सासरे निजामाच्या अमलात कचेरीत नाझर होते. लोकांच्या ठेवी सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. अमानत म्हणजे दुसऱ्यानं विश्वासानं ठेवलेली चीज. आपण तिला हात लावायचा नाही, आणि ज्याची त्याला परत देताना त्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते पाहून, साक्षीदारासमोर द्यायची, असं ते जेवताना पानावरसुद्धा सांगत.

ओळख ना पाळख, आणि हा पोरगा आपली जमा आपल्यापाशी ठेवतोय, याचं बाईंना भरून आलं. लग्नासाठी साठवत असणार, हा अंदाज त्यांनीच बांधला. पुडकं लाल फडक्यात बांधून त्यांनी ट्रंकेत, स्वतःच्या शालूखाली ठेवलं. दर दिवाळीला त्या पंडितला फराळाचं ताट देत आणि हळूच म्हणत, "तुझी चीज सुखरूप हाय बरं." पंडितला वाटे, म्हातारी चकलीबद्दल बोलायली. तो "हो मावशी, लय छान झाली" म्हणे.

गेल्या वर्षी ऐन वैशाखात पंडितला गालगुंड झालं. दोन्ही बाजूंनी. लहान लेकरांना होणारं दुखणं मोठ्या माणसाला झालं, तेही ज्याचं पोट गालांवर चालतं त्याला. बाईंनी आंबेहळदीचा लेप लावला आणि उन्हाळ्यात त्याच्या डोक्यावरून हनुवटीखाली मफलर बांधला. वर गाठीची दोन टोकं उभी राहिली. गल्लीतल्या बाया नुसत्या त्याला बघायला म्हणून दळण घेऊन येऊ लागल्या.

हसण्यापुरतं हे ठीक होतं. पण लग्नाच्या तारखा एकामागून एक निघून चालल्या होत्या आणि पंडितच्या हातात दमडी येत नव्हती. मागच्या महिन्याचं भाडं आधीच राहिलं होतं, आता दोन महिन्यांचं थकलं. भाडं बाईंच्याही औषधाला लागे, आणि दोन महिने थकले की खोली खाली करायची, हा त्यांचा नियम सगळ्यांना माहीत होता. भावाकडं जावं तर त्याच्या घरात तीन लेकरं. गालगुंड घेऊन कोण दारात उभं करणार? शेवटी पंडित ओसरीवर येऊन बसला.

"नावशी," तो म्हणाला; सुजलेल्या तोंडात 'म'चा 'न' होत होता, "भाडं अनानतीतून कापून घ्या."

"कशातून?"

"अनानतीतून."

"अमानतीतून?" बाईंनी सूप खाली ठेवलं. "ताप हाय का तुला?"

"हाय."

"मग जा, नीज. तापातलं बोलणं धरायचं नसतं."

ताप उतरल्यावर तो पुन्हा आला. "आता ताप न्हाई मावशी. कापा."

"अन् लग्न कशात करशील?"

"कुणाचं?"

"तुझं."

पंडित घाबरला. तापात आपण कुठं हो तर म्हटलं नाही, हे आठवू लागला. "पोरगी कोणची हाय?"

"ती तू बघ. मी काय पैशासंगं पोरगी बी सांभाळू?"

हा घोळ चालू असतानाच अप्पाराव मास्तर आले. पंडित ढोंग करून दुसऱ्या बँडमध्ये तर जात नाही ना, हे तपासायला. नाकाला रुमाल लावून दारातूनच त्यांनी पाहणी केली.

"अक्का, ह्याचे गाल असेच असतेत," ते म्हणाले. "मी रोज बघतो."

"वाजवताना असतेत. आता काय वाजवायलाय का त्यो?"

हे मास्तरांना पटलं. मग बाईंनी भांडण त्यांच्यापुढं ठेवलं. ऐकता ऐकता मास्तरांचा रुमाल नाकावरून खाली आला.

"अक्का, त्यो अनामत म्हणायलाय. डिपॉझिट. भाडं बुडालं तर तुमीच घ्यायला दिलेलं."

"म्हंजे विश्वासानं ठेवलं नव्हतं?"

"उलटं. तुमचा त्याच्यावर विश्वास नसतो, म्हणून घेतेत."

बाई उठल्या, ट्रंक उघडली आणि लाल पुडकं घेऊन आल्या. "त्यानं काही का म्हणून दिलं असंना. माझ्या ट्रंकेत ती अमानत म्हणूनच होती. मी हात घालणार न्हाई. हे धर पंडित. अप्पाराव, तुमी साक्षीदार. तिथंच उभं ऱ्हावा, पण बघा."

पंडितनं गाठ सोडली, थकलेलं भाडं मोजून बाईंना दिलं, पुन्हा गाठ मारली आणि पुडकं परत पुढं केलं.

"आता हे काय म्हणून ठेवू?" बाईंनी विचारलं.

पंडितनं मफलर सैल केला. "अमानत," तो अगदी नीट म्हणाला.

गाल उतरले, पण तोवर लग्नाच्या तारखा संपल्या होत्या. पावसाळ्यात दर महिन्याला तोच विधी व्हायचा: साक्षीदाराला निरोप, ट्रंक, पुडकं, गाठ. पुडकं बारीक होत चाललं होतं. साक्षीदार दुसरा चालणार नव्हता. एकदा बघितलेल्यानंच शेवटपर्यंत बघावं, हाही नाझरांचा नियम निघाला. एकदा मास्तर चिखलातून घसरत आले, तर बाई म्हणाल्या, हात धुवा, अमानतीला चिखल लागंल.

"मी हात लावतो का तिला?" मास्तर म्हणाले.

"नजर तर लावता."

मास्तरांनी तिथंच खिशात हात घातला आणि पंडितला दिवाळीपर्यंतची उचल दिली. "पुढच्या सीझनला कापून घेईन. पर मला आता साक्षीला बोलवू नका."

खोली राहिली. पंडित सध्या तिथंच राहतो, आणि लग्नसराईचे पैसे हातात आले की पावसाळ्याचं भाडं आधीच भरून टाकतो.