खिडकीतला मुकुट

आमच्या चर्चची माहिती देणारी एक पुस्तिका निघाली आहे. आत शिरताना दाराशीच मिळते. तुळईला टांगलेल्या कागदी मुकुटांबद्दल तिच्यात इतकं गोड लिहिलंय की वाचून माझं डोकंच फिरलं. निष्पाप कुमारिकांची प्रेमळ आठवण म्हणे, आणि ही प्रथा काळाच्या ओघात बंद पडली म्हणे. काळाने काही बंद केलं नाही. ती केझाया व्हीलडनने बंद केली, आणि तिच्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

केझाया माझी शेजारीण. कापडगिरणीत आम्ही दोघी सुताच्या बॉबिन भरायचो. अंगाने दणकट, तोंडाने फटकळ बाई. आई गेल्यावर धाकटी बहीण थर्झा केझायाच्याच पदरात आली, म्हणून लग्नाचं नाव काढलं नाही. गावात कुणाची बिनलग्नाची मुलगी गेली की लोक केझायाच्या दारी येत. ती लवचीक काठ्या वाकवून घंटेच्या आकाराचा मुकुट करायची, त्याला पांढऱ्या कागदाची फुलं लावायची आणि आत कागदाचे हातमोजे टांगायची. शवपेटीपुढे तो मुकुट चालायचा. मग तीन रविवार चर्चमध्ये खाली, सगळ्यांना दिसेल असा टांगलेला असायचा. हातमोजे म्हणजे आव्हान. या मुलीच्या चारित्र्याबद्दल कुणाला काही म्हणायचं असेल तर त्याने उठून म्हणावं. कुणी बोललं नाही तर मुकुट कायमचा वर तुळईला जायचा.

म्हणजे मेल्यावरही पोरीचीच परीक्षा. पुरुष काय अमर होते? त्यांच्यासाठी कुणी कागदाचा कपटासुद्धा टांगला नाही. पण तेव्हा हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही, केझायाच्याही नाही.

थर्झा दिसायला नीटस होती. एनॉक फर्निस आमचा मुकादम, वर चर्चचा विश्वस्त, बायकोमुलं असलेला माणूस. तो तिच्या मागे लागला. तिने सगळ्यांदेखत त्याचा हात झटकला. दुसऱ्या दिवशी तिची रवानगी कापूस पिंजायच्या खात्यात झाली. तिथे श्वासाबरोबर धूळच आत जाते. दोन हिवाळ्यांत पोरगी खोकून खोकून गेली. का गेली ते गिरणीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

बहिणीचा मुकुट केझायानेच केला. डोळ्यांना धार लागलेली, पण एक पाकळी वाकडी लावली नाही. दोन रविवार सुरळीत गेले. तिसऱ्या रविवारी प्रार्थना संपत आली तसा फर्निस उभा राहिला आणि म्हणाला, सांगताना जीव जड होतो, पण या मुलीची वागणूक धड नव्हती.

केझाया उठली. मुकुटातले हातमोजे सोडवून तिने त्याच्यासमोर बाकावर ठेवले.

"पुरुषाचं नाव सांगा, मुकादम," ती म्हणाली. "माझी बहीण एकटीने तर बिघडली नसेल. कोण होता तो?"

फर्निस म्हणाला, असल्या माणसाचं नाव देवाच्या घरात घेणं शोभत नाही.

"तिचं घेतलंत ते शोभलं. आता त्याचंही घ्या. आम्ही थांबतो."

आम्ही सगळे थांबलो. फर्निसची बायको मान खाली घालून बसली होती. शेवटी त्याने टोपी उचलली आणि चालता झाला. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात पाद्रीसाहेबांनी घसा खाकरला. आक्षेप आला तो आला, ते म्हणाले. नाव सांगायलाच हवं असं प्रथेत कुठे नाही, तेव्हा मुकुट वर जाणार नाही. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. खोटं बोलणारा पळून गेला, तरी त्याचं खोटं तेवढं ग्राह्य धरलं.

केझायाने मुकुट घरी नेला आणि रस्त्यावरच्या खिडकीत टांगला, हातमोज्यांसकट. गिरणीचा रस्ता त्याच खिडकीखालून जातो. फर्निसने तिला कामावरून काढलं. ती ओटची धिरडी विकून जगली. तो मात्र मरेपर्यंत नदीकाठच्या चिखलातून वळसा घालून गिरणीत जात राहिला. त्याचे चिखलाने भरलेले बूट बघून बायका तोंडावर हात धरून नाही, चांगल्या मोकळेपणाने हसायच्या. पुढे एकीची लेक गेली आणि ती मुकुट मागायला आली. केझायाने तिला जवळ बसवलं आणि विचारलं, तुझी मुलगी चांगली होती हे तुला ठाऊक आहे ना, मग लोकांना कशाला विचारतेस? त्यानंतर कुणी आलं नाही.

पन्नास वर्षांनी, गेल्या वसंतात, नवे पाद्री तिच्याकडे आले. तरुण, अगदी मऊ बोलणारे. मीही तिथेच बसले होते. थर्झाचा मुकुट चर्चचा ठेवा आहे, ते म्हणाले, बाकीच्यांच्या शेजारी तो शोभून दिसेल.

"त्या पुरुषाचं नाव कळलं का?" केझायाने विचारलं.

त्यांना काही उमगेना, तेव्हा मी सगळं सांगितलं. ते लाल झाले. म्हणाले, आजी, आज असला आक्षेप कोण मानतो?

"मग येत्या रविवारी सगळ्यांसमोर तेवढं बोला. तो खोटं बोलला होता, एवढंच. आणि मुकुट घेऊन जा."

त्यांनी टोपी हातात फिरवली. फर्निसचे नातू हल्ली विश्वस्त आहेत, त्यांचं मन दुखावेल, पण बघतो म्हणाले.

त्या रविवारी आम्ही दोघी मुद्दाम पहिल्या बाकावर जाऊन बसलो. पाद्रीसाहेब छपराच्या डागडुजीबद्दल बोलले.