वर्सोव्याहून आणलेली आगोट

मालाडहून सुटलेली मढची बस मार्वे ओलांडून पुढे गेली आणि खिडकीतून खारा वारा आत शिरला. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मालवण सोडून त्या आमच्याकडे आल्या, त्यानंतर समुद्र त्यांनी पाहिलाच नव्हता.

मे महिना सरत आला होता. गिरण्यांचा संप वर्ष उलटलं तरी मिटत नव्हता, गिरणीत असलेले आमचे हे घरीच होते. पावसात भाजी महागणार, म्हणून आम्ही दोघी आगोट (पावसाळ्याची बेगमी) भरायला निघालो होतो. सुकी मासळी घरात असली की भाताबरोबर पोरांच्या ताटात काहीतरी पडतं.

एरंगळला टोपलीभर ताडगोळे घेऊन एक बाई चढल्या. गळ्यात क्रूस, लुगडं गुडघ्यापर्यंत. मढहून होडीने खाडी ओलांडून आम्ही वर्सोव्याला जातोय ऐकून म्हणाल्या, "होडीतून उतरताना दगडावर पाय नका देऊ. शेवाळ हाय." पलीकडे उतरताना मी नेमका दगडावरच पाय दिला आणि कोपर सोलून घेतलं.

वर्सोव्याच्या वाळूत वलांड्या (बोंबील सुकवायचे बांबूचे मांडव) दूरवर उभ्या होत्या. दोरीवर बोंबलांच्या जोड्या, खाली जाळ्यावर पसरलेला जवळा (बारीक कोळंबी). मंजुळा नावाच्या कोळणीशी आम्ही भाव करत होतो. जमत नव्हतं. सासूबाई माझा हात ओढून "चल" म्हणाल्या, तेवढ्यात वावटळ उठली. डोळ्यांत वाळू गेली आणि कडकड आवाज करत मंजुळाची एक अख्खी वलांडी आडवी झाली. वर कावळ्यांनी झडप घातली.

"अगो, धावा गो!" मंजुळा ओरडली.

सासूबाईंनी पदर खोचला. मी उभीच होते, तोवर त्या वाळूत बसून बोंबील झटकून पाटीत भरायलाही लागल्या. मग मीही बसले. उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिघी वेचत, झटकत, पुन्हा दोरीवर चढवत होतो. मंजुळाने तिच्या घरी नेऊन आम्हाला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढली. सासूबाई दोन भाकऱ्या जेवल्या. निघताना तिने आम्ही म्हटलेल्या भावातच तुटलेले बोंबील आणि मापाहून जास्त जवळा आमच्या पिशवीत ओतला. "बाजारात हे कोण घेल? धुऊन खा," म्हणाली.

परतीच्या होडीत सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पाण्याकडे बघतच म्हणाल्या, "ह्या पोरांका पावसाळाभर पुरतला. आता माका गावाक धाड (पाठव)."

"पावसात? तिथे कोण आहे तुमचं?"

"कोण नाय. पण हय (इथे) एक तोंड कमी होतला."

गेले काही दिवस त्या "भूक नाय" म्हणत अर्ध्या ताटावरून उठत होत्या. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. होडी हलत होती. मी त्यांचं मनगट धरलं.

"आई, चारकोपच्या कारखान्यात पॅकिंगला बायका घेतायत. ह्यांना नको वाटतं, पण मी जाणार आहे. तुम्ही गेलात तर पोरांना कोणावर टाकून जाऊ?"

"माका थांबवूक बोलतंस?"

"नाही. मला तुमची गरज आहे."

त्यांनी मनगट सोडवून घेतलं नाही.

मढच्या स्टॉपवर कंडक्टरने आम्हाला अडवलं. "वास मारतोय बाई. दुसऱ्या बसने या."

सासूबाई पायरीवरून हलल्या नाहीत. "पोरांचा जेवण आसा रे ता."

त्याने पिशवीकडे पाहिलं. "मागं बसा," म्हणाला.

घरी पोचल्यावर त्यांनीच मुलाला सांगितलं, "सून कामाक जातली. पोरांका मी बघतंय." ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग उठून पिशवी उचलली आणि बोंबील निवडायला घेतले.

गिरणी पुढेही सुरू झाली नाही. सासूबाई मात्र आमच्याकडेच राहिल्या, अखेरपर्यंत. एक खाडी ओलांडून परत आलो, प्रवास म्हणावा तर एवढाच. पण त्या दिवशी आम्ही घराबाहेर पडलो नसतो तर त्या काही न सांगता एका पहाटे एस.टी.त बसल्या असत्या. आणि आम्ही, माणूस कंटाळून गावी गेलं, असंच समजून राहिलो असतो.