धाकटी सुई

माझ्या मामाला सगळी गल्ली तोंडावर 'गादीवाले' म्हणायची आणि पाठ वळली की 'बघतोय'. दोष मामाचाच होता. दिवसभर त्याच्या तोंडी एकच वाक्य असायचं. दूधवाल्याने मापात हात आखडता घेतला की मामा वर बोट करून म्हणायचा, "तो बघतोय." मी अभ्यासाच्या पुस्तकात कादंबरी घालून वाचत बसले की जाता जाता तेच. मांजर दुधाच्या पातेल्याकडे सरकलं तरी तेच. आमच्यापैकी त्याचं ऐकायचं ते फक्त मांजर.

मी शिकायला मामाकडे राहिले होते, त्यामुळे हे वाक्य मी जेवणापेक्षा जास्त वेळा पचवलं आहे. पुढची खोली कामाची, मागची स्वयंपाकाची, आणि मधे एक दार, जे कापूस मागे येऊ नये म्हणून सतत लोटलेलं असायचं. कापूस तरीही यायचा. चहात यायचा, अंथरुणात यायचा, रविवारी चर्चला जाताना मामाच्या भुवयांवर बसून यायचा. मामी त्याला दारातच थांबवून पदराने झटकायची. देवाच्या घरी असं पिंजून गेल्यासारखं जाऊ नये, असं तिचं म्हणणं होतं.

मामा गादी भरायचा ती अशी, की आतला कापूस बाहेर काढून दाखवायची वेळ आली असती तरी त्याला लाज वाटली नसती. बाकीचे लोक मधल्या थरात चिंध्या कोंबतात, वर खाली चांगला कापूस घालतात, आणि खोळ अशी झकास शिवतात की गिऱ्हाईक खूश. मामाच्या गादीत मधोमधही तोच कापूस, निवडून, पिंजून, कडेपर्यंत सारखा. त्यामुळे त्याला वेळ दुप्पट लागायचा. मोठ्या रस्त्यावर फोमच्या गाद्यांचं दुकान निघाल्यापासून तर गिऱ्हाईकं आमच्या गल्लीत चुकूनच वळायची. मामी कपाळाला हात लावून विचारायची, गादीच्या पोटात डोकावतंय कोण? मामाचं उत्तर ठरलेलं. गिऱ्हाईक खोळ बघतं, प्रभू कापूस बघतो.

"अहो, त्याला सगळं जग सांभाळायचंय," मामी म्हणायची. "तुमच्या कापसात डोकावत बसला तर शिंकून शिंकून बेजार होईल."

याचा अर्थ मामीची श्रद्धा कमी होती असा कुणी घेऊ नये. चर्चमध्ये तिचा बाक पहिला आणि गाण्यात तिचा आवाज सगळ्यात वरचा. पण तिचा देव शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांसारखा होता. रविवारी येणार, म्हणून शनिवारी घर लख्ख. बाकीचे दिवस ज्याने त्याने आपापलं बघावं. शिवाय मामी चुकली, असं वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. चुकायचं खातं मामाकडे होतं.

मामाच्या सुया भिंतीवर टांगलेल्या हिरव्या बनातीच्या जाड लोकरी तुकड्यात खोचलेल्या असायच्या. थोरली, मधली आणि धाकटी. थोरली हातभर लांब, जाड गादीच्या आरपार टाके घालायला. मधली खोळीला. धाकटी बोटाएवढी, जराशी वाकडी, छोट्या गाद्यांच्या कोपऱ्यांसाठी. संध्याकाळी काम संपलं की हात धुण्याआधी सुया जागेवर जायच्या. तीन सासुरवाशिणी दिवेलागणीला घरात आल्या का, हे पाहिल्याशिवाय मामा जेवायला बसत नसे. गादीत राहिलेली सुई कधी तरी कुणाच्या तरी अंगात शिरणार, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

अशात मामाला एक मोठं काम मिळालं. बाळंतपणाचा एक नवा दवाखाना निघाला होता आणि तिथल्या डॉक्टरबाईंना कापसाच्या गाद्या हव्या होत्या. आधी तान्ह्या बाळांच्या छोट्या गाद्या करून द्यायच्या, त्या पसंत पडल्या की मोठ्या खाटांच्याही मामाच करणार. मामी इतकी खूश झाली की तिने दोन दिवस कापसाबद्दल तक्रार केली नाही. मामाने त्या गाद्या जीव ओतून केल्या. प्रत्येक गादी शिवून झाली की तो तिच्यावर गाल टेकवून बघायचा. मी हसले तर म्हणाला, ज्यांना वापरायच्या त्यांना बोलता येत नाही, मग कुणीतरी सांगायला हवं ना टोचतंय का ते.

गाद्या दुपारी गेल्या. संध्याकाळी मामा बनातीपुढे उभा राहिला तो उभाच राहिला. धाकटीची जागा रिकामी होती.

मग जी शोधाशोध झाली तिचं सेनापतिपद अर्थातच मामीकडे गेलं. तिने मामाचे खिसे उलटे केले, मला मामाच्या कामाच्या फळीखाली घातलं, कापसाचा ढीग मुठीमुठीने उपसायला लावला. मांजरालासुद्धा उचलून त्याच्याखाली पाहिलं. सुई नाही. तेव्हा दमून खाली बसताना मामी म्हणाली, "हात म्हातारे झालेत तुमचे. डोळेही गेलेत. पण कबूल कोण करणार?" रोजच्या बोलण्यासारखं बोलली ती, पण मामाने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले.

सकाळी तो दवाखान्यात निघाला. मामी दारात आडवी उभी. आपणहून जाऊन सांगणं म्हणजे आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं, सुई घरातच कुठेतरी असणार, चार दिवस दम धरा, सापडेल. तिचं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. मामाने चपला घातल्या.

"बाळाला टोचेपर्यंत थांबू?" त्याने विचारलं.

मामी बाजूला झाली.

कात्री घेऊन मीही गेले. डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पाळण्यांतल्या गाद्या काढायला लावल्या. दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात बसून मामाने स्वतः घातलेला एकेक टाका उसवला आणि कापूस मुठीत दाबून दाबून पाहिला. येणारीजाणारी नर्स थबकायची, शिंकायची आणि पुढे जायची. ज्या कापसाकडे कधी कुणी बघणार नव्हतं तो आता उजेडात पसरला होता, पांढराशुभ्र, एक चिंधी नाही. पण तो बघायच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं. सुई मिळाली नाही. आणि न मिळालेली सुई मिळालेल्या सुईपेक्षा वाईट, कारण ती कुठेही असू शकते. मामा स्वतःच म्हणाला, या गाद्या वापरू नका.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत हे फार बरं केलंत. पण सुई हरवते त्या माणसाकडे बाळांचं काम कसं देऊ मी?" आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मोठ्या खाटांचं काम त्याच दिवशी फोमवाल्याकडे गेलं.

घरी आल्यावर मामाने बनात भिंतीवरून काढली, थोरली आणि मधली तिच्यात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवून दिली. हातातल्या दोन उशा तेवढ्या संपवतो, म्हणाला, पुढे नको. तुझी मामी म्हणाली ते खरं आहे, असंही म्हणाला. डोळे गेले असतील तर कळत कसं नाही माणसाला, एवढंच त्याने मला विचारलं. कामाशिवाय मामा म्हणजे काय, याची मला कल्पनाच करता येईना. त्या रात्री मांजर पातेल्यापर्यंत पोचलं आणि त्याला कुणी काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमध्ये मूक प्रार्थना चालली होती, सगळे डोळे मिटून बसले होते आणि दानासाठी पैसे काढायला मामीने पर्समध्ये हात घातला.

"आई गं," मामी म्हणाली. तिचा आवाज, तुम्हाला सांगितलंच आहे, सगळ्यात वरचा.

पाळकसाहेबांना वाटलं, प्रवचन काळजाला भिडलं. बाहेर पडताना त्यांनी मुद्दाम मामीला थांबवून सांगितलं की अशी हृदयं आजकाल दुर्मिळ आहेत. मामी लाल झाली. मी तिला आयुष्यात पहिल्यांदाच स्तुती ऐकून गप्प राहिलेलं पाहिलं, आणि बरं नाहीये की काय असं वाटलं.

झालं होतं ते असं. गाद्या जायच्या दिवशी तिच्या पर्सचा पट्टा निघाला होता. मामा जेवत होता. तिने फळीवरून धाकटी उचलली, चार टाके घातले, तेवढ्यात गाद्या न्यायला गाडी आली, आणि सुई अस्तरात खोचून मामी गाद्या मोजून द्यायला धावली. पुढचं ती साफ विसरली. विसरण्याचं खातंही मामाकडेच असल्याने तिला स्वतःचा संशयही आला नाही.

त्या दुपारी मामा झोपला होता. मामी धाकटी घेऊन पुढच्या खोलीत गेली. हे पुढे तिनेच मला सांगितलं, आणि सांगतानाही तिला मामाचा राग येत होता. बेत सोपा होता. सुई फळीच्या फटीत सरकवायची, थोड्या वेळाने झाडू घेऊन यायचं आणि हाक मारायची, अहो, सापडली. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मामाला सुई मिळाली असती, गेलेला धीर परत आला असता, डॉक्टरबाईंनाही निरोप गेला असता, आणि मामी कधी चुकत नाही हेही जिथल्या तिथे राहिलं असतं. मी असते तर तेच केलं असतं, दोनदा विचारही केला नसता.

मामी गुडघ्यांवर बसली, हात फटीपर्यंत नेला, आणि तिला वाटलं मागे कुणीतरी आहे. वळून पाहिलं तर कापसावर मांजर बसलेलं. तिच्याकडे टक लावून.

"मांजराला भ्यायला मी काय उंदीर आहे?" मामी मला म्हणाली. "पण हात पुढे जाईना. रागावून बघत असता ना तो, तर टाकली असती सुई. रागाला मी कधी भ्याले नाही. पण तो रागावला नव्हता गं. नुसता माझी वाट बघत होता."

ती तिथेच बसून रडली. मग आत जाऊन तिने मामाला उठवलं आणि सुई त्याच्या तळहातावर ठेवली. मी दाराशी होते. सगळं एका दमात सांगून टाकलं तिने, पर्स, पट्टा, गाडी, आणि शेवटी फटसुद्धा. मामाने चष्मा लावला. सुई उजेडात धरली, तिच्या वाकड्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि हसायला लागला. ठसका लागेपर्यंत हसला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार ते वाक्य. पण मामा वेगळंच बोलला.

"डॉक्टरबाईंना काही सांगू नकोस," तो म्हणाला. "माझं नाव गेलं ते गेलं. तुझं कशाला घालवायचं? मला कळलं, तेवढं पुरे."

मामीने पदराने नाक पुसलं.

"का?" ती म्हणाली. "आता तो बघत नाही वाटतं?"

इतक्या वर्षांत हे वाक्य मामाला कुणी परत केलं नव्हतं. तो बघतच राहिला. माझा मामा मला तेव्हा जितका आवडला तितका कधीच आवडला नव्हता, आणि मामीबद्दलही मला तेच म्हणायचं आहे.

सोमवारी मामी दवाखान्यात गेली, तीच पर्स घेऊन. डॉक्टरबाईंपुढे उभी राहून म्हणाली की सुई मी न विचारता उचलली आणि विसरले, यांच्या हातून काही चुकलं नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कधी कळलं असतं का? मामी म्हणाली, नसतं कळलं, तोच तर सगळा त्रास आहे.

मोठ्या खाटांचं काम परत आलं नाही. फोमवाल्याला शब्द दिला होता आणि डॉक्टरबाई शब्दाच्या पक्क्या होत्या. पण व्हरांड्यातला उसवलेला ढीग अजून तिथेच होता. तो त्यांनी पुन्हा शिवून मागितला, बाळांना त्याच गाद्या हव्यात म्हणाल्या. अट एकच, शिवून होईपर्यंत मामीची पर्स कुलपात ठेवायची.

बनात ट्रंकेतून निघून खिळ्यावर गेली. गाद्या पुन्हा शिवून झाल्या त्या संध्याकाळी मामा सुया खोचत होता, तर मामी मधलं दार ढकलून आली.

"थांबा, मला बघू द्या."

"तो बघतोय की," मामा म्हणाला.

"तो तेव्हाही बघत होता. सुई पर्समध्ये आहे म्हणून सांगितलं का त्याने?"

मामाने धाकटी तिच्या जागी खोचली.

"सांगितलं की," तो म्हणाला. "भर प्रार्थनेत सांगितलं. सगळ्या चर्चने ऐकलं."

मामीने आपल्या बोटाकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली.