दसऱ्यावर नेलेला कॉम्प्युटर
म्हशाच्या जत्रेआधीच्या आठवड्यात मुरबाडच्या एका कार्यालयातला कॉम्प्युटर बंद पडला आणि दुरुस्तीवाल्याने तो दसऱ्याच्या दिवशीच्या स्थितीवर परत नेला. दर दसऱ्याला पूजेआधी त्यातल्या सगळ्या माहितीची नक्कल काढून ठेवायची तिथली पद्धत होती; वर्षभरात दुसरी काढत नसत. सुकलेल्या झेंडूचा वास आला की दुरुस्तीनंतरची ती दुपार आठवते, कारण पूजेचा हार अजून पडद्यावर लोंबत होता. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतली एक म्हातारी कसत असलेल्या जमिनीच्या वनहक्क दाव्याची चौकशी करायला माझ्यासोबत आली होती. तिचा दावा दिवाळीनंतर याच कॉम्प्युटरवर भरून घेतला होता. "आजी, तुमचा अर्ज मशीनमध्ये नाय," ऑपरेटर म्हणाला. तिने शिक्का मारलेली पोच पुढे केली. "मशीन मागं गेली रे, मी कुठं गेली?" "नवा अर्ज भरा." मी मुदत विचारली. "काल संपली," तो म्हणाला, "पण मशीन आता फास्ट चालते बघा." चार वाजता त्याच कॉम्प्युटरवरून दावेदारांची यादी ठाण्याला जिल्हा कार्यालयात गेली. यादीत म्हातारीचं नाव नव्हतं. पोचीची झेरॉक्स आजही माझ्याकडे आहे; शिक्क्यावरची तारीख मुदतीच्या बावीस दिवस आधीची आहे.