लालीबाई बोलून बसली

दारव्ह्याहून नेरकडे जाताना वाटेत एक बरडाचा चढ लागतो. त्या चढावर रूपसिंग नायकाचा बंजारा तांडा होता आणि त्या तांड्यात लालीबाई होती. नायकाचं नाव विचारलं तर आसपासच्या गावातला एखादा माणूस अडखळायचा. पण लालीबाईचं नाव काढलं की आधी हसायचा आणि मग बोटाने वाट दाखवायचा. असा लौकिक कमवायला जीभ चांगली चालावी लागते, आणि लालीबाईची चालायची. तिचा नवरा बाबूसिंग जन्माचा अबोल. त्याच्या वाट्याचं बोलणंही तीच उरकून टाकायची. घागरा-चोळीसारखी फेटिया-काचळी घालून, हातातल्या पांढऱ्या बलियांचा चुडा खळखळवत ती दारव्ह्याच्या बाजारात उभी राहिली की भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फुटायचा.

तांड्यात सगळं होतं, फक्त विहीर नव्हती. बाया नाल्याच्या रेतीत खड्डा करायच्या, त्याला झिरा म्हणत, आणि झिरपेल तसं पाणी वाटीवाटीने घागरीत भरायच्या. चैत्र लागला की तोही आटायचा. मग खालच्या गावच्या विहिरीवर जाऊन कोणी पाणी वाढतं का म्हणून ताटकळत बसायचं. सरकार विहिरी देत नव्हतं असं नाही. पण सरकार विहीर गावाला देतं, आणि कागदावर तांडा गाव नव्हता. तो खालच्या गावाला चिकटलेलं शेपूट होता. दर खेपेला विहीर खालच्या गावात खणली जायची आणि तांड्याच्या वाट्याला तिची बातमी यायची.

सत्तावनच्या निवडणुकीत दारव्ह्याचे श्रीकृष्ण वकील मतं मागायला चढ चढून आले. वकिलांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कचेरीतलं. आजोबा रेव्हेन्यूत, वडील कोर्टात, हे काळा कोट घालणारे. धापा टाकत ते बाजेवर टेकले, तेवढ्यात लालीबाई पुढे झाली.

"मत देऊन देऊ. विहीर देता काय?"

वकील म्हणाले, "पाहतो."

देतो म्हणणारे तांड्याने पुष्कळ पाहिले होते. ते परत कधी दिसत नसत. 'पाहतो' एवढंच म्हणणारा हा गडी निवडून आल्यावर खरंच परत आला, तेव्हा लोक चमकले. एवढंच नाही, तर विहीर का मिळत नाही हे कचेरीत बसून शोधून आला होता.

"वस्त्यांना गावाचा दर्जा द्यायचं एक बिल येऊन राहिलं आहे," वकील सांगू लागले. "त्यात वाडी आहे, पाडा आहे, पण तांडा नाही. तिकडच्या लोकांना तो शब्दच माहीत नाही. त्या बिलात मला तांडा घालायचा आहे."

बाबूसिंग कोपऱ्यात चिलीम भरत बसला होता. तो एकाएकी बोलला. "बिलात हात नोका घालू, सायेब. जनावर असते."

सगळा तांडा हसला. सगळ्यात जास्त वकील हसले. पुढे मुंबईला किंवा नागपूरला निघाले की ते बायकोला, सुनीतीबाईंना, हेच सांगायचे, "चाललो बिलात हात घालायला." त्या बिचाऱ्या दरवेळी "जपून" म्हणायच्या.

बिल काही एका दमात पुढे जात नाही. समिती बसते, अहवाल मागवला जातो, मग अहवाल येईपर्यंत समिती उठते. मध्ये राज्यही बदललं, मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं. त्या सगळ्या धांदलीत वकिलांनी तांडा या शब्दाची पाठ सोडली नाही. शेवटी या वस्त्या कायमच्या आहेत की फिरत्या, हे तपासायला वरून एक साहेब पाठवायचं ठरलं.

साहेब आले त्या दिवशी रूपसिंग नायक बाजाराला गेला होता. पुरुष माणसं रानात होती. साहेबांनी सावली पाहून खुर्ची टाकली आणि समोर आली लालीबाई.

"तुम्ही लोक कोण? इथं कायमचे राहता का?"

लालीबाईने कमरेवर हात ठेवला. "आमी लदेणीवाले! माह्या आज्याच्या बैलाईची रांग सकाळी निंगाली तर दुपारपावतर सरे नाई. मीठ म्हनू नका, गहू म्हनू नका, सारा मुलुख आमीच पोसला. आमचं काय सायेब, बैलावर गोनी टाकली का निंगालो. आज इथं, उद्या तिथं!"

साहेबांनी ते अक्षरन्‌अक्षर उतरून घेतलं, चहा घेतला आणि गेले. लालीबाई दिवसभर खुशीत होती. मोठ्या साहेबासमोर आज्याचं नाव काढायला मिळालं होतं.

अहवाल आला, 'वस्ती फिरती, दर्जा देण्यास अपात्र.' वकील तो घेऊन तांड्यावर आले, तोवर त्यातलं 'आज इथे, उद्या तिथे' कोणाचं हे लोकांना कळून चुकलं होतं. रूपसिंगने सगळ्यांसमोर तिला धारेवर धरलं. तो नात्याने तिचा दीर, पण नायक म्हणजे नायक. तांड्यात ही मंडळी आपल्या गोरबोलीत भांडत, वाचणाऱ्याला कळावं म्हणून इथे वऱ्हाडीत सांगतो.

"वयनी, तुह्या जिभेनं आमची विहीर गिळली."

लालीबाई काही बोलली नाही. ती गप्प बसलेली तांड्याने पहिल्यांदाच पाहिली, आणि खरं सांगायचं तर कोणाला ते बरं वाटलं नाही. रूपसिंगलासुद्धा नाही. बाबूसिंग तिच्या बाजूला येऊन बसला, तेवढंच.

वकिलांनी हलकेच विचारलं, "बाई, असं काहून सांगितलं तुम्ही?"

"त्यायनं इचारलं, तुमी कोन." लालीबाई म्हणाली. "मंग काय सांगू सायेब? नाल्यात वाटीनं पानी भरनारे हाओ म्हनून सांगू?"

शिकलेल्या माणसाला दहा उत्तरं सुचतात, त्यातलं एकही इथं चालणारं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." मग रूपसिंगकडे वळून म्हणाले, "नायक, हिवाळ्यात नागपूरला बिल शेवटचं येईल. तेव्हा कोणीतरी तांड्याचं माणूस यावं असं मला वाटतं."

"मी येतो," लालीबाई म्हणाली. "तोंड उघडनार नाई."

नागपूरच्या विधानसभेत वरच्या गॅलरीत ती आणि बाबूसिंग बसले. दारावरच्या माणसाने बजावलं होतं, बोलायचं नाही, उठायचं नाही, टाळी वाजवायची नाही. लालीबाईने ओढणीचं टोक दातात धरलं. खाली एवढी माणसं बसलेली, एक जण उंच खुर्चीवर, एकेकाने उभं राहून बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. तिने नवऱ्याच्या कानात सांगितलं, "ही तं आपलीच नसाब हाय." तांड्याची पंचायत बसते तिला ते लोक नसाब म्हणतात. बाबूसिंगने मान डोलावली.

श्रीकृष्ण वकील उभे राहिले. "अध्यक्ष महाराज, दफ्तर चाळलं तर या बरडावर आधी खेमसिंगचा तांडा होता, नंतर रूपसिंगचा तांडा दिसतो. तपासणी अधिकाऱ्यांनी अनुमान काढलं की एक तांडा उठून गेला आणि दुसरा येऊन बसला. वस्तुस्थिती एवढीच आहे की खेमसिंग नायक वारले आणि त्यांचा मुलगा नायक झाला. तांड्याला नायकाचं नाव असतं. नायक बदलला की नाव बदलतं, माणसं तीच असतात. उद्या मुंबईचे महापौर बदलले, तर मुंबई उठून गेली म्हणायचं का?"

सभागृह खळखळून हसलं. मंत्रीही हसले. पण ते मुरलेले गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे अहवाल उघडला. "सन्माननीय सदस्यांचा युक्तिवाद चतुर आहे. परंतु तेथीलच एक स्त्री म्हणते, 'आम्ही आज इथे, उद्या तिथे.' आता आम्ही सदस्यांवर विश्वास ठेवावा की त्या स्त्रीवर?"

आपलंच वाक्य असं धुऊन, इस्त्री करून दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना लालीबाईच्या दातातलं ओढणीचं टोक सुटलं. खाली वकील कागद चाळत होते. उत्तर तिथं नव्हतं. असेल कसं? असलंच तर ते वर गॅलरीत होतं.

ती उठली. नसाबीत उठतात तशी उठली आणि दोन्ही हात जोडले.

"पंचहो, रामराम! ते मी बोलली. ते माह्या आज्याचं बोलली. माह्ये दोन लेकरं नाल्याचं पानी पिऊन पटकीनं गेले. त्या बरडातच पुरले हायेत. त्यायले टाकून मी कोठी जातो, सांगा?"

पुढचं सांगायला तिला कोणी वेळ दिला नाही. दोन शिपाई धावले आणि तिला दंडाला धरून बाहेर घेऊन गेले. बाबूसिंग आपला मागून चालत गेला. अध्यक्षांनी सांगितलं की प्रेक्षकांतून झालेलं बोलणं कामकाजात येणार नाही. सरकारी दफ्तराची तऱ्हा पाहा, बाई अभिमानाने बोलली ते लिहून ठेवलं आणि काळजातून बोलली ते खोडून टाकलं.

पण जे ऐकलं ते कसं खोडणार? मंत्री अहवाल मिटून म्हणाले, "तांडा हा शब्द समाविष्ट करण्यास माझी हरकत नाही."

वकील धावत बाहेर आले, तेव्हा लालीबाई पायऱ्यांवर डोकं धरून बसली होती. "पुन्हा बिघाडलं मी, सायेब. सांगतलं होतं तोंड उघडत नाई म्हनून."

"झालं बाई," वकील म्हणाले. "तांडा आला बिलात. झालं."

लालीबाई तिथेच, त्या पायऱ्यांवर, मोठ्याने रडली. येणारे-जाणारे पाहू लागले. वकिलांनी काही कोणाला हटकलं नाही, ते तिच्याजवळ उभे राहिले.

याची किंमत वकिलांनी मोजली. तांडा वेगळा होणार म्हटल्यावर खालचं गाव बिथरलं. तसंच आणखी चार-पाच गावांचं झालं. आपल्या गावचं शेपूट यांनी तोडलं, असं बासष्टच्या निवडणुकीत घरोघर सांगितलं गेलं, आणि वकील पडले. काळा कोट परत खुंटीवरून उतरला. ज्यांच्या ओसरीवर सकाळी उभं राहायला जागा नसायची, त्यांच्या ओसरीवर आता मांजर निवांत झोपू लागलं. वकील कोणाला काही म्हणाले नाहीत. सुनीतीबाई मात्र एकदा म्हणाल्या, "बिलात हात घालू नका, असं तो बिचारा सांगत होता तुम्हाला."

पावसाळा सरला आणि हुकूम आला. तांडा आता गाव झाला होता. विहिरीची जागाही आखून गेली होती. फक्त गावाचं नाव कळवायचं होतं, आणि एक अट होती. नाव कायमचं राहील, नायक बदलला तरी बदलणार नाही. नसाब बसली. सगळ्यांनी गृहीत धरलं की रूपसिंगचं नाव लागणार. त्याच्या बापाचं राहिलं नव्हतं, याचं तरी राहील. रूपसिंग उठला, पागोटं नीट केलं आणि म्हणाला, "माह्यं नोका टाकू." मग ज्याचं टाकायचं ते सांगितलं. कोणी नाही म्हटलं नाही. "वयनी, तू जाय सांगाले," तो म्हणाला. "बोलनं तुले येते."

लालीबाई आणि बाबूसिंग दारव्ह्याला वकिलांच्या घरी गेले. सुनीतीबाईंनी चहा आणला. लालीबाईने चहाला हात लावला नाही.

"आधी आयका. नाव देल्लं आमी कचेरीत. 'श्रीकृष्ण नायक तांडा'."

वकिलांनी हातातली बशी खाली ठेवली. "अहो बाई, काहीतरीच काय. माझं नाव? आणि नायक? मी तर पडलो."

"पडते तो आमदार," लालीबाई म्हणाली. "नायक पडत नसते. मरेपावतर नायकच ऱ्हायते."

वकिलांनी तोंड खिडकीकडे वळवलं. सुनीतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बाबूसिंगने खाकरून घसा साफ केला.

"अन् मेल्यावरबी," तो म्हणाला, "आमी बदलत नाई. सरकारनं मना केलं हाय."