व्हर्लिनच्या कच्च्या पुंगळ्या

आमच्या गावातल्या माणसांच्या चांगुलपणाची मला आता किळस येते. तोंडावर गोड बोलायचं, कुणाचं मन दुखवायचं नाही आणि पाठ वळली की मुकाट्यानं आपल्याला हवं तेच करायचं. डकोटाच्या या टोकाला त्याला सभ्यपणा म्हणतात. माझा थोरला भाऊ व्हर्लिन ऑस्टबी या सभ्यपणात कसा भाजून निघाला, ते सांगते.

व्हर्लिन जन्मभर विजेच्या तारा ओढायच्या कामावर होता. बर्फाच्या वादळातही खांबावर चढायचा. लग्न केलं नाही. बायकांशी बोलायचं त्याला कधी जमलं नाही आणि पितळेशी इतकं जमलं की घरात दुसऱ्या कुणाला जागाच उरली नाही. हिवाळाभर तो तळघरात, बाकड्यापाशी. तरुणपणी त्यानं, माझ्या नवऱ्यानं ऑर्वलनं आणि मायरन व डर्वुड या दोस्तांनी मिळून एक खूळ काढलं होतं. दुकानात न मिळणारं, आपलंच असं एक बारीक काडतूस ठरवायचं. चौघांत मिळून एकच कोरणी घेतली आणि तिनंच चारी रायफलींची घरं, म्हणजे काडतूस बसायच्या जागा, कोरून घेतली, म्हणजे एकाची काडतुसं चौघांनाही चालावीत. हे सगळं कुरणात बिळं पाडणाऱ्या प्रेअरी डॉगसाठी. नाव कुत्र्याचं, जात खारीची आणि बिळात गायीचा पाय मोडला की मालकाच्या तोंडी येते ती शिवी तिसऱ्याच प्राण्याची.

दुकानात मिळत नाही म्हटल्यावर पुंगळी, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, घरी घडवणं आलं. ते काम व्हर्लिनचं. मोठ्या मापाची पुंगळी घ्यायची, तिची मान तापवून मऊ करायची आणि एकापेक्षा एक लहान साच्यांतून दाबत दाबत काडीएवढी बारीक करायची. घाई केली की मानेखालचा उतार, म्हणजे खांदा, चुरगळतो, तेल जास्त झालं की खड्डा पडतो. एवढं करूनही खांदा गोलसरच राहतो. पहिला बार उडाला की आतल्या जाळानं पितळ फुगून रायफलच्या घराला जाऊन भिडतं, तेव्हा कुठे खांद्याला कोर येते. "तोवर पुंगळी कच्ची," व्हर्लिन म्हणायचा. "निम्मी मी करतो, निम्मी रायफल करते." म्हणून रीत अशी पडली होती की हिवाळ्यात त्यानं काडतुसं भरून द्यायची आणि बर्फ वितळल्यावर दोस्तांनी रिकाम्या पुंगळ्या त्याला आणून द्यायच्या. पक्की पुंगळी हातात आली की त्याला त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

ऑर्वल गेल्यावर त्याची रायफल आमच्या मुलीकडे, सिग्नीकडे आली. पुढे व्हर्लिनच्या नजरेचा मधला भाग अंधारला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. गाडी मी चालवू लागले. जुन्या पुंगळ्यांच्या माना तडकल्या होत्या म्हणून या हिवाळ्यात त्यानं सगळ्या नव्या घडवल्या. मी विचारलं तर म्हणाला, "आर्डिस, हे काम डोळ्यांचं नाही, बोटांचं आहे." मला त्यातलं काय कळतं? ज्यांना कळत होतं ते दोघे तर तोंड भरून वाखाणत होते.

मे महिन्यात एका शनिवारी सकाळी आम्ही धान्याच्या गोदामात कॉफीला गेलो. कॉफी म्हणजे गढूळ गरम पाणी, पण गावातले म्हातारे त्यावर अर्धा दिवस काढतात. डर्वुडनं पुंगळ्यांची डबी टेबलावरून पुढे सरकवली.

"पाची गोळ्या एका भोकात गेल्या रे. म्हातारपणी हात आणखी बसलाय तुझा."

"माझ्याही तशाच," मायरननं आपली डबी वर ठेवली. "तुला तोड नाही, व्हर्लिन."

व्हर्लिन हसला. त्यानं एक पुंगळी उचलली, खांद्यावरून अंगठा फिरवला. हसू तसंच राहिलं, पण त्यानं दुसरी उचलली. मग तिसरी, मग मायरनच्या डबीतली.

"या उडालेल्याच नाहीत," तो म्हणाला. "गोळी उपसलीत, दारू सांडलीत आणि नुसती बुडाची टिकली फोडून आणलीत. खांदा मी दिला तसाच गोल आहे."

डर्वुडनं टोपी काढून पुन्हा घातली. "तुझं मन मोडायचं नव्हतं रे."

"काय होतं आत?"

"एक हाताला हलकी लागली म्हणून उघडली, तर दारूच नव्हती. दुसरीत काठोकाठ. मग बाकीच्या उडवायची छाती झाली नाही."

"कधी कळलं?"

"जानेवारीत."

जानेवारी. त्यानंतर सगळा हिवाळा माझा भाऊ तळघरात डोळे फोडत बसला होता आणि हे दोघे दर आठवड्याला त्याच्या समोर बसून केक खात होते. मी तोंड उघडणार तोच मला आठवलं. ईस्टरच्या जेवणाला व्हर्लिननं सिग्नीलाही एक डबी दिली होती.

"सिग्नी आज कुठे गेलीय ठाऊक आहे का कुणाला?" मी विचारलं.

मायरन कपात बघू लागला. "माझ्याच कुरणात. पहाटे फाटक मीच उघडलं."

"डबी बघितलीस तिच्याजवळ?"

"सीटवर होती."

"आणि तू बोलला नाहीस."

"आर्डिस, बोललो असतो तर तिनं व्हर्लिनला सांगितलं असतं. त्याला किती लागलं असतं मग. आणि सगळ्याच काही वाईट नसतील, असं वाटलं मला."

साठ वर्षं ओळखते मी या माणसाला. माझ्या नवऱ्याच्या शवपेटीला यानं खांदा दिला होता.

मायरनचं कुरण घळीत आहे, तिथे फोन लागत नाही. मी गाडी काढली. व्हर्लिन शेजारी बसला, दोन्ही डब्या मांडीवर. गाव सुटल्यावर म्हणाला, "दारू नसली की टिकलीच्या जोरानं गोळी नळीत मध्येच अडकते. कळलं नाही आणि मागून दुसरी मारली, तर रायफल तोंडाशी फुटते." दगडी रस्त्यावर गाडी जितकी पळेल तितकी पळवली.

टेकडी ओलांडली तेव्हा सिग्नी तिच्या गाडीच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसलेली दिसली. धडधाकट. व्हर्लिन आधी उतरला, गवतात ठेचकाळला.

"मामा, आलास ते बरं झालं," ती म्हणाली. "फोनवर सांगणं मला जड गेलं असतं. चार नीट गेल्या. पाचवीचा बार फुसका आला, गोळी नळीत अडकलीय. बाबा शिकवून गेलेत, आवाज बदलला की थांबायचं, म्हणून थांबले. मामा, तुला आता दिसत नाही. यापुढे तू दारू भरायची नाहीस."

एवढंच. रडली नाही, गोंजारलं नाही.

"त्या चार कुठायत?" व्हर्लिननं विचारलं.

तिनं खिशातून काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्यानं एकेकीच्या खांद्यावरून अंगठा फिरवला, सावकाश, दोनदा; कोर आली होती. मग उरलेली डबी तिच्याकडून मागून घेतली.

"नाही भरणार," तो म्हणाला. "जानेवारीत सांगितलं असतं तर तेव्हाच भरणं थांबवलं असतं."

त्या चार पुंगळ्या त्यानं शर्टाच्या खिशात घातल्या आणि गाडीत बसल्यावर वरून हात ठेवला. घरापर्यंत तो हात तिथून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर मायरननं बायकोच्या हातचं हॉटडिश पाठवलं, मांस-भाजी एकत्र भाजून वर कुरकुरीत बटाटे लावलेलं. माफीचा शब्द नाही, चिठ्ठी नाही. आमच्याकडे चूक झाली की हॉटडिश येतं, दुसऱ्यानं ते खायचं, फार छान झालं होतं म्हणायचं आणि भांडं घासून रिकामं परत करायचं. मग सगळं मिटलं.

सोमवारी मी ते भांडं गोदामात नेलं आणि मायरनपुढे ठेवलं. त्यानं झाकण उचललं. भांडं भरलेलं होतं.

"अगं, चाखलंसुद्धा नाहीत?"

"नाही," मी म्हटलं. "पण तसं तोंडावर सांगायला आलेय."